मुलाच्या मानेची सोनोग्राफी: सही करण्याआधी काय विचाराल?

चिठ्ठीवर 'यूएसजी नेक' एवढेच लिहिलेले असते आणि पालकांचा जीव टांगणीला लागतो. पोटाची सोनोग्राफी सगळ्यांना माहीत असते, पण मानेची कशाला? गाठ-बिठ तर नाही ना? सुई घालणार का? भूल द्यावी लागेल का? लहान मुलांना भूल देण्याचे काम करताना हे प्रश्न सतत कानावर येतात. शिकवणाऱ्या मोठ्या रुग्णालयांत आणखी एक प्रश्न असतो: "मानेच्या शिरांचा अभ्यास चालू आहे, तुमच्या मुलाच्या शिरा मोजायच्या आहेत, सही करा म्हणाले. करू का?"

दोन गोष्टी आधीच सांगून टाकते. सोनोग्राफीत ध्वनिलहरी वापरतात, क्ष-किरण नाहीत, त्यामुळे रेडिएशनचा प्रश्नच येत नाही. आणि नुसत्या तपासणीत सुई नसते. मानेला जेल लावून एक छोटा चपटा प्रोब फिरवतात, इतकेच. बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरे ही तपासणी कशासाठी आहे यावर ठरतात, आणि नेमके तेच विचारायचे राहून गेलेले असते.

आधी कारण लिहून घ्या

मुलांच्या मानेच्या शिरा सोनोग्राफीवर पाहण्याची कारणे साधारण चार असतात.

- मानेत फुगवटा किंवा गाठ दिसते आहे.
- मानेतून मोठी लाईन (सेंट्रल लाईन, केमोपोर्ट, डायलिसिसची नळी) टाकायची आहे, म्हणून आधी शिरा पाहायच्या आहेत.
- लाईन टाकून झाली आहे आणि आता शिरेत गुठळी झाल्याची शंका आहे.
- मुलाच्या उपचाराशी थेट संबंध नाही, संशोधनासाठी मापे घ्यायची आहेत.

चिठ्ठीवर कारण नसेल तर सोनोग्राफी करणारे डॉक्टर सवयीप्रमाणे थायरॉईड आणि लसीकाग्रंथी नीट बघतात आणि शिरांवर एखादी ओळ लिहून मोकळे होतात. त्यात त्यांची चूक नाही, त्यांना विचारलेच तेवढे गेले. मग तोच खर्च आणि तीच रडारड पुन्हा. म्हणून चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, "दोन्ही बाजूंच्या शिरा आणि डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी तपासणी) हवे असेल तर तसे लिहून द्या." आधीचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, विशेषतः पूर्वी कधी मानेतून, मांडीतून किंवा नाळेतून लाईन टाकली असेल तर त्याचा कागद सोबत न्या. कमी दिवसांच्या, एनआयसीयूत राहिलेल्या बाळांच्या पालकांनी हे विसरूच नये.

मानेत बघायचे तरी काय असते?

निर्णय घेण्यापुरते सांगते. मानेच्या दोन्ही बाजूंना, कानाखालून गळपट्टीच्या हाडाकडे उतरणारी एकेक मोठी शीर असते. रिपोर्टमध्ये तिला 'आयजेव्ही' म्हणतात. डोक्यातले रक्त तिच्यातून हृदयाकडे परतते. तिला अगदी चिकटून मेंदूला रक्त पुरवणारी कॅरोटिड धमनी असते. बहुतेक मुलांत शीर धमनीच्या बाहेरच्या अंगाला असते, पण काहींत ती धमनीच्या बरोबर वर चढलेली असते, काहींत फारच बारीक असते, आणि एका बाजूची दुसरीपेक्षा मोठी असणे तर नेहमीचेच. तान्ह्या बाळात ही शीर काही मिलिमीटरच रुंद आणि त्वचेखाली सेंटीमीटरभर खोल असते. त्याच वयाच्या, त्याच वजनाच्या दोन मुलांच्या शिरा सारख्या असतीलच असे नाही. म्हणूनच वरून चाचपून अंदाज बांधण्यापेक्षा डोळ्यांनी बघणे बरे.

पडद्यावर शीर आणि धमनी दोन्ही काळ्या गोल ठिपक्यांसारख्या दिसतात. प्रोब जरा दाबला की शीर रिकाम्या रबरी नळीसारखी चपटी होते, धमनी होत नाही, ती ठोके देत राहते. तपासताना डॉक्टर मधूनमधून मान दाबतात ते यासाठीच. शीर दाबली गेली नाही तर आत गुठळी असू शकते.

तयारी: फार नाही, पण नेमकी

फक्त मानेची सोनोग्राफी असेल तर उपाशी ठेवायची गरज नाही. उलट भुकेले मूल शांत झोपत नाही. पोटाचीही सोनोग्राफी सोबत असेल किंवा त्यानंतर लगेच भूल द्यायची असेल तर गोष्ट वेगळी. भुलेआधी साधारणपणे पाण्यासारखे पातळ दोन तास, अंगावरचे दूध चार तास आणि वरचे दूध किंवा हलके खाणे सहा तास आधी थांबवतात. मात्र तुमच्या भूलतज्ज्ञांनी जी वेळ लिहून दिली असेल तीच पाळा, शेजारणीच्या मुलाला काय सांगितले होते ते नाही.

- गळ्यातला काळा दोरा, ताईत, साखळी घरीच काढून ठेवा. मानेच्या घडीतली पावडर आणि तेल ओल्या फडक्याने पुसा.
- पुढून उघडणारा, सैल गळ्याचा कपडा घाला. पोलो नेकचा स्वेटर नको.
- तान्ह्या बाळाची मान आखूड असते, त्यामुळे खांद्याखाली दुमडलेला टॉवेल ठेवून मान मोकळी करतात. बाळाला त्याने इजा होत नाही.
- जेल थंड लागते म्हणून मुले दचकतात. ते कोमट करून लावायची विनंती करायला लाजू नका.
- मोठ्या मुलाला आधीच सांगा की टोचणार नाहीत. 'काही होणार नाही' असे मोघम सांगू नका, काय होणार ते सांगा.

मूल आईच्या मांडीवर बसूनही तपासता येते, पण शिरेची रुंदी मोजायची असेल तर आडवे झोपवावे लागते. बसल्यावर मानेतले रक्त खाली उतरते आणि शिरा चपट्या होतात. याउलट रडताना, कुंथताना त्या टरारून फुगतात. म्हणजे रडत्या मुलाचे माप आणि झोपलेल्या मुलाचे माप वेगळेच येणार. दोन रिपोर्टांत आकडे जुळले नाहीत तर लगेच घाबरू नका, मुलाची तेव्हाची अवस्था आठवा. ताप-जुलाबाने सुकलेल्या मुलाच्या शिराही बारीक दिसतात.

निव्वळ तपासणीसाठी झोपेचे औषध सहसा लागत नाही. कोणी सुचवले तर 'का' ते विचारा. दूध पाजून, झोपेच्या वेळी नेऊन बहुतेक काम भागते.

रडताना मान फुगते, शांत झाल्यावर काहीच नाही

या एका तक्रारीवर जरा थांबते, कारण इथे पालकांची सर्वांत जास्त धावपळ होते. मूल रडले, ओरडले, खोकले किंवा फुगा फुगवू लागले की मानेच्या एका बाजूला, बहुतेकदा उजव्या, मऊ फुगवटा येतो. थांबले की जातो. दुखत नाही. घरातल्यांना दिसतो, दवाखान्यात मात्र दिसत नाही, मग "तुमचा भ्रम आहे" असे ऐकून पालक परततात.

यामागे पुष्कळदा आयजेव्ही शिरेचा जन्मजात सैलपणा असतो. डॉक्टर त्याला 'जुग्युलर फ्लेबेक्टेशिया' म्हणतात. नाव मोठे असले तरी बहुसंख्य मुलांत तो निरुपद्रवी असतो. शस्त्रक्रिया लागत नाही, अधूनमधून तपासले की पुरते. पण निदान पक्के व्हायला हवे, कारण श्वासनलिकेच्या वरच्या भागातली हवेची पिशवी किंवा लसीकेची गाठही अशीच फुगू शकते.

निदान पक्के करायचे असेल तर हे करा.

1. मूल रडत असताना फुगवट्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. समोरून एक, बाजूने एक. डॉक्टरांपुढे शंभर शब्दांपेक्षा त्याचा उपयोग होतो.
2. सोनोग्राफीच्या वेळी शांत अवस्थेत आणि जोर लावताना, दोन्ही वेळा बघायला सांगा. मोठ्या मुलाला फुगा फुगवायला द्या किंवा नाक-तोंड बंद करून जोर लावायला सांगा. तान्ह्याला मुद्दाम रडवावे लागत नाही, थंड जेल ते काम करते.
3. रिपोर्टमध्ये 'जोर लावताना' शिरेची रुंदी लिहिली आहे का ते बघा. झोपलेल्या मुलाचा 'नॉर्मल' रिपोर्ट या तक्रारीत काहीच सिद्ध करत नाही.
4. सोनोग्राफी होण्याआधी कोणी फुगवट्यात सुई घालून पाणी किंवा पेशी काढू म्हटले तर थांबवा. आत शीर असेल तर रक्तच येणार.

आणि हो, मुलाला "रडू नको, शीर फुटेल" असे सांगून घाबरवू नका. अशा शिरा आपोआप फुटत नाहीत.

या वेळी सोनोग्राफीची वाट बघू नका

घसादुखी आणि तापानंतर मानेची एक बाजू सुजली, दुखू लागली आणि ताप पुन्हा चढला. चेहरा आणि मान सुजली, मानेच्या शिरा सतत टरारलेल्या, आडवे झोपले की दम लागतो. लाईन असलेल्या बाजूचा हात, मान किंवा चेहरा सुजला. यांपैकी काहीही असेल तर जवळच्या सेंटरवर नंबर लावून बसू नका, मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. दुसऱ्या प्रकारात तर छातीत मोठी गाठ असू शकते. अशा मुलाला जबरदस्तीने आडवे पाडून किंवा झोपेचे औषध देऊन तपासणे धोक्याचे असते. बसवूनच न्या, आणि "झोपवल्यावर दम लागतो" हे वाक्य भेटेल त्या प्रत्येक डॉक्टरला सांगा.

मानेतून लाईन टाकायची असेल तर

"हाताला नसच मिळत नाही, मानेतून टाकावी लागेल," हे ऐकून पालकांच्या पोटात गोळा येतो. पण दीर्घ केमोथेरपी, डायलिसिस, आयसीयूतली तीव्र औषधे या गोष्टी हाताच्या बारीक शिरांना झेपत नाहीत. तिथे औषध बाहेर गळले तर कातडी जळते. मोठी शीर हवीच असते.

सोनोग्राफीने इथे काय बदलले ते एका उदाहरणावरून कळेल. १९९९ साली 'अ‍ॅनेस्थेशियॉलॉजी' या नियतकालिकात ९५ तान्ह्या बाळांवरचा एक तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीने, हाताने चाचपून सुई घातली तेव्हा सुमारे चारपैकी एका बाळात सुई कॅरोटिड धमनीत गेली आणि ७७ टक्के बाळांतच लाईन बसली. सोनोग्राफीच्या मदतीने घातली त्या सगळ्या बाळांत लाईन बसली, आणि धमनीला एकदाही टोचले गेले नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००२ मध्ये ठरवून केल्या जाणाऱ्या अशा प्रक्रियांत, मुलांमध्येही, सोनोग्राफी वापरावी असे सुचवले. आता आपल्याकडच्या मोठ्या बालरुग्णालयांत आणि कॅन्सर रुग्णालयांतही हीच पद्धत आहे.

तरीही यंत्र आले म्हणजे सगळे झाले असे नाही. पडद्यावर सुईचे टोक सतत दिसत राहील अशी ती हलवणे हे सरावाचे काम आहे. सरावलेल्या हातालाही कधी एकदा जमत नाही, आणि अनुभव नसलेल्या हातात भारीतले मशीन असूनही फारसा फरक पडत नाही. म्हणून मशीन कुठल्या कंपनीचे ते न विचारता पुढचे प्रश्न विचारा.

- सुई घालताना पडद्यावर बघत राहणार की आधी बघून पेनाने खूण करणार? बघत-बघत घालणे अधिक सुरक्षित. खूण केल्यानंतर मुलाने मान जराशी वळवली तरी शीर आणि धमनीची जागा बदलते.
- कोणती बाजू, आणि का? उजवी पहिली पसंती असते, कारण तिथून हृदयापर्यंतचा रस्ता सरळ आहे. डाव्या बाजूला वळण असते आणि लसीका वाहून नेणारी मोठी नळीही असते. डावी निवडली तर कारण असणार, ते समजून घ्या.
- शिरेची रुंदी मोजली का? नळी शक्यतो शिरेच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी जाडीची असावी. नळीने शीर भरून टाकली की गुठळीचा धोका वाढतो.
- जेल निर्जंतुक आहे का, प्रोबला कव्हर आहे का? नुसत्या तपासणीला मोठ्या बाटलीतले साधे जेल चालते, सुई घालायची असेल तर नाही. दूषित जेलमधून जंतुसंसर्ग पसरल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. हा प्रश्न आगाऊपणाचा नाही.
- लाईन कोण टाकणार? शिकाऊ डॉक्टर टाकणार असतील तर हरकत नाही, शिकल्याशिवाय कोणीच तज्ज्ञ होत नाही. पण वरिष्ठ शेजारी उभे असावेत आणि किती प्रयत्नांनंतर हात बदलायचा ते आधी ठरलेले असावे.
- टोक योग्य जागी आहे हे कसे बघणार? त्यासाठी बहुधा छातीचा एक्स-रे काढतात. तो टाळण्याचा आग्रह धरू नका.

एक खाचखळगा माहीत असू द्या. मानेच्या सोनोग्राफीत शिरा छान मोकळ्या दिसल्या तरी छातीतला रस्ता मोकळा आहे याची खात्री होत नाही. हाड आणि फुप्फुसातली हवा यांच्या आड ध्वनिलहरी काही दाखवू शकत नाहीत. पूर्वी दोन-तीन वेळा लाईन लागलेल्या मुलात, विशेषतः छातीवर शिरांचे निळे जाळे दिसत असेल, तर डॉक्टर सीटी किंवा एमआरआय सुचवतील. तो 'वाढीव खर्च' समजून नाकारू नका, आधी कारण विचारा.

मानेऐवजी दुसरे काही? पर्याय असतात, पण प्रत्येकाचे काम वेगळे. काही आठवडे औषधे द्यायची असतील तर दंडातून घालायची 'पिक लाईन' पुरते. वर्षभर केमो असेल तर केमोपोर्ट सोयीचा. तो छातीवर कातडीखाली बसतो, बाहेर काही लोंबत नाही, मूल आंघोळही करू शकते. मात्र त्याची नळी बहुधा मानेतल्या शिरेतूनच जाते. मांडीतली लाईन तातडीच्या वेळी उपयोगी पडते, पण लंगोट लागणाऱ्या बाळात ती स्वच्छ ठेवणे कठीण. डायलिसिस असेल तर उजवी मान आधी, आणि गळपट्टीच्या हाडाखालची शीर शक्यतो टाळतात. ती आक्रसली तर पुढे त्या हातात डायलिसिससाठीचा फिस्टुला (शीर आणि धमनीची जोडणी) करता येत नाही. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या मुलाच्या पालकांनी हे स्वतः बोलून दाखवावे, कारण आयसीयूतल्या घाईत प्रत्येकाला पुढची दहा वर्षे दिसत नसतात.

अभ्यासासाठी विचारले तर

आता सहीच्या प्रश्नाकडे. असे अभ्यास कशाला करतात? मान किती अंशांत वळवली की शीर धमनीच्या वर येते, डोक्याकडची बाजू खाली केली तर शीर किती रुंदावते, पोटावर हलका दाब दिला तर फरक पडतो का, कोणत्या वयात शीर किती खोल असते. याची उत्तरे मोठ्यांवरून काढता येत नाहीत. मूल म्हणजे छोट्या मापाचा प्रौढ नव्हे. वरचा ९५ बाळांचा अभ्यास कोणाच्या तरी आईवडिलांच्या सहीमुळेच झाला. त्यामुळे अशी विनंती म्हणजे मुलावर प्रयोग, असे समजून झिडकारू नका. आणि डॉक्टर म्हणाले म्हणून न वाचता सहीही करू नका.

बहुतेक वेळा मुलाला दुसऱ्याच शस्त्रक्रियेसाठी, म्हणजे हर्निया, टॉन्सिल अशा कारणाने, भूल दिलेली असते. ती चढल्यावर काही मिनिटे मानेवर प्रोब ठेवून मापे घेतात. सुई घालत नाहीत. धोका अगदी किरकोळ असतो, पण 'शून्य खर्च' नसतो, भुलेची वेळ तेवढी लांबते. ती किती लांबणार हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. निव्वळ मापांसाठी वेगळी भूल किंवा झोपेचे औषध देणार असतील तर माझ्या मते सरळ नाही म्हणा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे इथे लागू होतात. त्यांतले तुमच्या कामाचे असे:

- संशोधनाचे संमतीपत्र उपचाराच्या संमतीपत्रापासून वेगळे असते. शस्त्रक्रियेच्या फॉर्मच्या खाली एक ओळ घुसवलेली असेल तर त्याला संमती म्हणत नाहीत.
- माहितीपत्रक तुम्हाला समजेल त्या भाषेत हवे. मराठीत मागा. त्याची एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे.
- किरकोळ धोक्याच्या अभ्यासात आई किंवा वडील, एकाची सही साधारणपणे पुरते.
- सात ते बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचा तोंडी होकार घ्यायचा असतो. बारा ते अठरामध्ये लेखी. मुलाने नकार दिला तर त्याचा मान ठेवायचा असतो.
- केव्हाही माघार घेता येते, आणि त्यामुळे उपचारात फरक पडता कामा नये.
- केवळ अभ्यासासाठी केलेल्या तपासणीचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. बिलात ती ओळ आहे का ते पाहा.
- पत्रकावर संस्थेच्या एथिक्स कमिटीचा संपर्क असतो. नसेल तर तिथेच थांबा.

याशिवाय तीन प्रश्न तोंडी विचारा. चित्रांवर मुलाचे नाव राहणार का? मापे घेताना काही वावगे दिसले, गाठ किंवा गुठळी, तर आम्हाला सांगणार का आणि लेखी देणार का? आणि मापे घेणारे डॉक्टर भूल देणाऱ्यांहून वेगळे आहेत ना? शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलाच्या श्वासावर आणि ठोक्यांवर लक्ष ठेवणारी व्यक्ती मोजपट्टीत गुंतलेली नको.

सही कधी मागितली हेही बघा. मूल ट्रॉलीवर, आई रडवेली, दारात फॉर्म पुढे केला, ही वेळ विचार करायची नसते. "आदल्या दिवशी विचारायला हवे होते, आता नको," असे शांतपणे म्हणता येते. त्यावर कोणी नाराज झाले तर होऊ द्या.

रिपोर्ट हातात आल्यावर

- 'पेटंट', 'कॉम्प्रेसिबल': शीर मोकळी आहे, दाबली जाते. चांगले.
- 'राइट डॉमिनंट': उजवी मोठी आहे. आजार नव्हे.
- 'ओव्हरलॅप': शीर धमनीच्या वर आली आहे. आजार नव्हे, पण लाईन टाकणाऱ्यांना हे माहीत हवे.
- 'थ्रॉम्बस', 'नॉन-कॉम्प्रेसिबल': गुठळीची शक्यता. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, मानेला मालीश अजिबात नको.
- 'रिअ‍ॅक्टिव्ह नोड्स': सर्दी-खोकल्याने वाढलेल्या ग्रंथी. मुलांत अतिशय नेहमीच्या. यावरून इंटरनेटवर रात्र जागवू नका.

मशीन घरी आणता येईल का?

घरी ऑक्सिजनवर असलेल्या मुलांचे पालक हे विचारतात. उत्तर नाही असेच आहे, आणि त्याचे कारण गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्यात आहे. गर्भलिंग निदानाला महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायद्याने बंदी घातली, देशाचा कायदा १९९४ चा. त्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी जागेसकट होते, आणि लहान, उचलून नेता येणारे मशीन नोंदलेल्या रुग्णालयात दाखल असलेल्यांसाठी किंवा मान्य फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येते. कोणी गुपचूप घरी येऊन करून देतो म्हटले तर त्यात पडू नका. मुलाच्या मानेच्या तपासणीला गरोदर स्त्रियांसाठीचा 'फॉर्म एफ' मात्र लागत नाही.

पैसे आणि कागद

दाखल असताना केलेली सोनोग्राफी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या मंजूर पॅकेजमध्ये धरलेली असेल तर वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. कुठे शंका आली तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा, बाहेरच्या सेंटरवर पाठवण्याआधीच. नंतर पावत्या घेऊन फिरण्यात अर्थ नसतो.

रिपोर्टसोबत चित्रे, जमल्यास सीडी, मागून घ्या. दाखल रुग्णाच्या नोंदींची प्रत लेखी मागितल्यावर ७२ तासांत देण्याचे बंधन डॉक्टरांवर २००२ च्या नियमावलीने घातले आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

लाईन काढून मूल घरी गेले की हे सगळे कागद बासनात जातात. तसे करण्याआधी मुलाच्या फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: लाईन कोणत्या बाजूला, कोणत्या शिरेत, किती दिवस होती, किती जाडीची होती, काढताना किंवा नंतर गुठळी झाली का. पुढच्या वेळी रात्री-अपरात्री वेगळ्याच गावात दाखल करायची वेळ आली, तर तिथल्या डॉक्टरांना मुलाच्या मानेवर प्रोब ठेवण्याआधीच ही माहिती मिळेल.